अस्सलपणाची राखण

औषधाच्या वेष्टनावर जे बारीक अक्षर छापलेले असते त्याकडे रोगी सहसा पाहत नाही, आणि त्याच्या शुश्रूषेत गुंतलेल्या आप्तांना पाहण्याची सवड नसते. परंतु त्या अक्षरांच्या, अंकांच्या आणि रेघांच्या सहवासात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. खोपोली, सावरोली, चौक आणि पाताळगंगेच्या काठची रसायनी या टापूत जी कारखानदारी उभी राहिली, तीतल्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगची जबाबदारी मजकडे होती. कर्जतहून फाट्यावरच्या गाडीने पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्थानके मागे टाकीत खोपोलीस उतरावे आणि तेथून कारखान्याची बस धरावी, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. औषध सिद्ध करणे ही विद्या आणि ते खोक्यात भरणे ही हमाली, असा समज कारखान्याबाहेर सर्वत्र होता व कारखान्यातही अगदीच नव्हता असे नाही. वस्तुस्थिती अशी की, गोळी पाहून तिच्या पोटात काय आहे हे कोणासही कळत नाही. इतबार बसतो तो वेष्टनावरच्या नावावर, आणि म्हणून फसवणूक करणाराही आपले सारे कसब तेथेच खर्च करतो.

मी नोकरीस लागलो त्या काळी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्रकरण सर्वांच्या मनात ताजे होते. १९८६ च्या आरंभी तेथे औषध म्हणून दिल्या गेलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगासमोर खरेदीचे, परवान्यांचे व तपासणीचे सारे दप्तर उलगडले गेले. दुसऱ्याचे नाव चोरून विकलेल्या मालाचे ते प्रकरण नव्हे. तरीही आमच्या खात्यातील वडीलधारे अधिकारी नव्या माणसास प्रथम तेच सांगत, कारण एखादे पिंप किती मेजांवरून, किती सह्यांखालून आणि किती भल्या माणसांच्या हातांतून कोणीही न उघडता पुढे जाऊ शकते, हे त्याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण नव्हते. तेव्हापासून आजवर ज्या ज्या युक्त्या पाहिल्या, त्यांची किंमत मी एकाच प्रश्नाने केली: ही खूण पाहणार कोण, आणि पाहण्याची त्याला सवय आहे काय?

बाहेरच्या माणसास वाटते की नकली मालाविरुद्धची लढाई प्रयोगशाळेत चालते. माझ्या अनुभवाप्रमाणे ती पहिल्याने लेबलांच्या कोठीत चालते. आमच्या कारखान्यात त्या कोठीला जाळीचे दार आणि कुलूप होते व किल्ली एका ठरावीक माणसापाशी असे. एका बॅचसाठी जितकी लेबले, जितकी खोकी आणि जितकी माहितीपत्रके बाहेर निघत तितक्यांचा हिशेब संध्याकाळी द्यावा लागे: इतकी लागली, इतकी यंत्रात फाटली, इतकी नमुन्यादाखल ठेवली, इतकी परत. आकडा जुळला नाही तर माल दाराबाहेर पडत नसे, मग बाहेर मालमोटार उभी असो वा विक्री खात्याचे फोन येत असोत. यंत्रावर एका बॅचचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होण्यापूर्वी पट्ट्याखाली, मेजाच्या कडेस, पंख्याच्या वाऱ्याने उडून भिंतीलगत गेलेले एखादे लेबल उरले नाही ना, हे दोन माणसांनी वेगवेगळे पाहून सही करावयाची. नव्या मुलांस हा छळ वाटे. परंतु ज्याला खरे लेबल मिळते त्याला नक्कल करण्याचे कारणच उरत नाही. आणि खरे लेबल, खरे खोके, खरी बाटली यांची चोरवाट कारखान्याच्या मागच्या दारानेच जाते, हे आम्हांस एका घटनेने पुरते समजले.

महामार्गालगतच्या एका भंगाराच्या दुकानात आमच्याच एका प्रसिद्ध खोकल्याच्या औषधाची कोरी, न दुमडलेली खोकी गठ्ठ्यांनी पडलेली आमच्या एका चालकाने पाहिली व त्यातले एक तो घेऊन आला. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे की, आमच्यासाठी छपाई करणाऱ्या मुद्रणालयात रंगाची छटा किंचित फिकी आल्यामुळे नापसंत झालेला हा माल रद्दीच्या भावाने, वजनावर, विकला गेला होता. त्या मुद्रणालयाचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही. नापसंत म्हणजे निरुपयोगी, इतकाच त्यांचा हिशेब. पण जो फिकेपणा आमच्या तपासनीसाला उजेडाच्या पेटीखाली दिसला, तो दुकानातल्या दिव्याखाली कोणाला दिसणार होता? त्या दिवसापासून नियम झाला, की नापसंत माल मुद्रणालयातच, आमच्या माणसादेखत, बारीक कातरला जावा. छपाईचे जुने सिलिंडर आणि प्लेटा ओरखडे पाडून निकामी केल्याखेरीज बाहेर जाऊ नयेत. आणि कारखान्यातल्या रिकाम्या बाटल्याही फोडूनच काचेवाल्यास द्याव्यात. तंत्रज्ञानाच्या नावाने पुढे कारखान्यात लाखो रुपयांची यंत्रसामग्री आली. तथापि ह्या कातरण्याच्या यंत्राने जितके संरक्षण दिले तितके फार थोड्यांनी दिले, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो.

मग होलोग्रामचे दिवस आले. डेनिस गाबोर यांनी १९४७ साली ज्या शोधाचा पाया घातला व ज्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो प्रकाशतरंगांच्या नोंदीचा शोध मुळात सूक्ष्मदर्शकाच्या सुधारणेसाठी होता. १९६८ मध्ये स्टीफन बेंटन यांनी साध्या पांढऱ्या उजेडात दिसणारा इंद्रधनुषी होलोग्राम साधल्यावर तो पातळ झिलईदार पटलावर दाबून हव्या तितक्या प्रती काढणे शक्य झाले, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत तो बँकांच्या क्रेडिट कार्डांवर झळकू लागला. छायाचित्रण-यंत्राला वा छपाईच्या शाईला त्याची नक्कल करता येत नाही, हे त्याचे खरे बळ. विक्री खात्याने मोठ्या उत्साहाने आमच्या दोन-तीन औषधांवर तो लावविला. काही काळाने कर्जतच्या बाजारपेठेतील एका जुन्या औषध-दुकानदारांनी मला आत बोलावून दोन खोकी समोर ठेवली आणि विचारले, "साहेब, यातलं तुमचं कोणतं?" एकावरचा चकाकता तुकडा दुसऱ्याहून अधिक तेजस्वी होता. दुकानातल्या मुलाने तोच खरा म्हणून उचलला. वस्तुतः तो बनावट होता. आमच्या होलोग्रामात खोकी तिरपी केली असता एका चिन्हामागे दुसरे चिन्ह उमटे. त्या बनावट तुकड्यात केवळ झगमग होती. नक्कल करणाऱ्याने आमच्या चिन्हाची नक्कल केलीच नव्हती, कारण गिऱ्हाईक झगमगीपलीकडे काही पाहत नाही हे त्याने अचूक ताडले होते. त्या दुकानदारांना मात्र फरक दिसला होता, तो चिन्हामुळे नव्हे. माल नेहमीच्या वितरकाकडून न येता परस्पर, सवलतीच्या दराने, बिलाविना आला होता, म्हणून त्यांनी तो बारकाईने पाहिला. दुकानदाराला खूण समजावून सांगणारे एक साधे पत्रक त्यानंतर आम्ही मराठीत छापून वाटले; ते आरंभीच वाटावयास हवे होते असे आजही वाटते.

आपल्याकडे ह्या विषयाचे ज्ञान नवे नाही. शिवकालीन पत्रांच्या माथी मुद्रा असे आणि मजकूर संपे तेथे मर्यादेचा शिक्का उमटवीत, जेणेकरून त्याखाली कोणी चार ओळी पदरच्या घालू नयेत. आजच्या कारखान्यात झाकणाखालचे कडे तुटल्याशिवाय बाटली न उघडणारे बूच आणि काढताच अक्षरे उमटणारी चिकटपट्टी ही त्याच विचाराची संतती होय. त्या काळी ते पत्र वाचणाऱ्या कारकुनाला शिक्का कोठे असावा हे पाठ होते. तो नसेल तर पत्र रुजूच होत नसे. आमच्या उद्योगाने खुणा पुष्कळ निर्माण केल्या, पण हे वाचणारे कारकून निर्माण करण्याचे काम मागे राहिले.

खुणांचा दुसरा वर्ग गुप्त खुणांचा. जंबुपार दिव्याखालीच उजळणारी शाई, भिंगाशिवाय रेघ वाटावी इतक्या सूक्ष्म अक्षरांची ओळ, अमुक एका ठिकाणी मुद्दाम सोडलेले टिंब: ह्यांची माहिती कारखान्यातही दोघा-तिघांनाच असे. ठाणे जिल्ह्यातल्या एका गोदामावर धाड पडली तेव्हा कंपनीतर्फे माल ओळखण्यासाठी मला नेण्यात आले. पंच, पोलीस, औषध निरीक्षक असे सारे जमलेले. मी दिवा धरला, खूण उमटली नाही, आणि मुद्देमाल बनावट असल्याचे मी सांगितले. पंचांपैकी एका गृहस्थाने अत्यंत रास्त प्रश्न केला, की ही खूण खऱ्या मालावर असते हे आम्हांस कसे कळावे? खरे खोके सोबत नेले होते, ते दाखविले. पंचनाम्यात वर्णन लिहिले गेले. त्या क्षणी ती खूण गुप्त राहिली नाही. न्यायालयापुढे पुरावा व्हावयाचा तर रहस्य उघड करावे लागते, आणि उघड झालेले रहस्य पुढच्या वेळी रक्षण करीत नाही. म्हणून आम्ही दर वेळी एक खूण खर्ची घालीत असू आणि एक राखून ठेवीत असू. शेवटचा निवाडा अर्थातच खुणेवर होत नाही. औषध कायद्याप्रमाणे निरीक्षक दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो आणि सरकारी विश्लेषकाचा अहवाल हाच आधार ठरतो. १९८२ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात बनावट औषधाची स्वतंत्र व्याख्या आली, आणि २००८ च्या दुरुस्तीने मृत्यू वा गंभीर इजा घडवू शकणाऱ्या बनावट औषधाबद्दल किमान १० वर्षांची व कमाल आजन्म कारावासाची शिक्षा ठरली. शिक्षा कडक आहे हे योग्यच. पण अहवाल येईपर्यंत त्या बॅचच्या इतर गोळ्या कोणाच्या पोटात गेलेल्या असतात, ह्या विचाराने मला कित्येकदा स्वस्थता लाभली नाही.

खऱ्या-खोट्याची ओळख मला सर्वांत उत्तम रीतीने शिकविली ती पॅकिंगच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या एका बाईंनी. खालापूर तालुक्यातील एका ठाकूरवाडीतून त्या पायी येत. शाळा चौथीपर्यंत झालेली. बाजारातून आलेला एक संशयित नमुना आम्ही अधिकारी भिंग घेऊन न्याहाळीत होतो. रंग जुळत होता, कागदाचे वजन जुळत होते. बाईंनी खोके हातात घेतले, उलटे केले, आणि म्हणाल्या, "हे आमचं नाय. नंबर लई सरळ हाय." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. खोके छापले जाते मुद्रणालयात. बॅचचा क्रमांक, निर्मितीचा महिना आणि मुदत ही नंतर आमच्या पट्ट्यावर, धावत्या खोक्यावर, शाईच्या बारीक ठिपक्यांनी उमटविली जातात, आणि म्हणून ती केसभर तिरपी, केसभर वर-खाली असतात. नक्कल करणाऱ्याने सोय म्हणून सारा मजकूर एकाच वेळी छापला होता. त्याचे अंक निर्दोष होते आणि तोच त्याचा दोष होता. पुढे संशयित माल तपासण्याच्या आमच्या यादीत ही कसोटी पहिल्या स्थानी घालण्यात आली व त्या बाईंना तपासणीच्या मेजावर बढती मिळाली, ह्याचा मला अतिशय आनंद आहे.

निर्यातीच्या मालामुळे आमच्याकडे क्रमांकनाची पद्धती आली. विदेश व्यापार महासंचालनालयाने २०११ पासून निर्यात होणाऱ्या औषधांवर बारकोड टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. प्रत्येक खोक्यास स्वतःचा, दुसऱ्या कोणासही न मिळणारा क्रमांक; कोणती खोकी कोणत्या पेटीत आणि कोणत्या पेट्या कोणत्या मोठ्या खोक्यात ह्याची नोंद; पट्ट्यावर टांगलेला कॅमेरा, आणि ज्याचा कोड वाचता आला नाही ते खोके बाजूस ढकलणारी यंत्रणा. आरंभीचे महिने अतिशय कष्टाचे गेले. पावसाळ्यात घाटाखालच्या दमट हवेने शाई पसरे, कॅमेरा नकार देई, आणि पट्टा थांबे. पण ह्या पद्धतीचा गाभा यंत्रात नसून शेवटच्या टोकाशी आहे, हे मला युरोपच्या नियमांवरून उमगले. तेथे ९ फेब्रुवारी २०१९ पासून असा दंडक आहे की, औषधविक्रेत्याने खोके रोग्याच्या हाती देताना तो क्रमांक वाचून मध्यवर्ती नोंदीतून वजा करावा. त्यामुळे कोणी खरा क्रमांक चोरून हजार खोक्यांवर छापला, तरी पहिले खोके विकले जाताच उरलेली उघडी पडतात.

आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात अधिसूचना निघून, १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० नामांकित औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, निर्मात्याचे नाव-पत्ता, बॅच, तारखा व परवान्याचा क्रमांक वाचता येतो. हे पाऊल मी मनःपूर्वक स्वागतार्ह मानतो. परंतु संपूर्ण बॅचवर एकच मजकूर असेल आणि विक्रीच्या वेळी वजावट नसेल, तर खऱ्या चौकोनाचे छायाचित्र काढून खोट्या खोक्यावर चिकटवणारा मनुष्य मोकळाच राहतो, आणि दूरध्वनी गिऱ्हाईकास माल खरा असल्याची ग्वाही देतो. छापील कागद हुबेहूब असूनही व्यवहार खोटा असू शकतो, हे महाराष्ट्राने मुद्रांकांच्या घोटाळ्यात पुरते भोगले आहे. नाशिकच्या मुद्रणालयाची स्थापना १९२५ ची, तेथल्या कागदाची कीर्ती देशभर. तरीही तेलगी प्रकरणात बनावट मुद्रांक कचेऱ्यांतून आणि बँकांतून वर्षानुवर्षे चालले, आणि शेवटी उपाय झाला तो प्रत्येक दस्ताचा क्रमांक सरकारी नोंदीशी ताडून पाहण्याचाच. कर्जत व खालापुरात शेतजमिनींची खरेदी-विक्री ज्या काळी जोरात होती, त्या काळी जुने मुद्रांक हातात घेऊन लोक हवालदिल होऊन निबंधक कचेरीच्या आवारात उभे असलेले मी पाहिले आहेत.

त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट नागपूरची. २०२३ मध्ये त्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयाला पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत औषधाचा अंशही आढळला नाही. आणि ज्या कंपनीचे नाव वेष्टनावर होते ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. येथे कोणाच्या नावाची चोरी झाली नव्हती, त्यामुळे नावाचा मालक तक्रार करण्यास उभा राहणे शक्य नव्हते. आमच्या होलोग्रामांनी, शायांनी आणि क्रमांकांनी त्या रुग्णांचे काहीही रक्षण केले नसते. रक्षण झाले असते ते भांडारात माल उतरवून घेणाऱ्याने निर्मात्याचा परवाना खरोखर आहे काय एवढा एक पडताळा केला असता तर. उपजिल्हा रुग्णालयांच्या भांडारपालांना हा पडताळा करण्याचे साधन, अधिकार आणि सवड ही तिन्ही मिळाली पाहिजेत असे माझे आग्रहाचे मत आहे. आज एकाच माणसाकडे सारे भांडार, सारी कागदपत्रे आणि शीतपेटीही असते.

घरची भातशेती असल्यामुळे हाच प्रश्न मी दुसऱ्या अंगानेही पाहिला. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. कर्जत-३, कर्जत-७, सह्याद्री ह्या वाणांची नावे आमच्याकडे घरोघर माहीत. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी शिवलेली असते, पायाभूत बियाण्यास पांढरी आणि पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी. प्रमाणित भाताची उगवण किमान ८० टक्के असावी असा दंडक. औषधाची फसवणूक काही दिवसांत तरी कळू शकते. बियाण्याची कळते ती राब भाजून, पेरून, लावणी होऊन, लोंब्या निसवू लागल्यावर, एकाच खाचरात दोन उंचीची रोपे उभी राहतात तेव्हा, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. शेजारच्या एका काकांच्या खाचरात हेच झाले. तालुक्याच्या तक्रार समितीकडे जाऊ म्हणून मी पिशवीची चौकशी केली. काका म्हणाले, "पिशवीत काकूने गोवऱ्या भरल्या, आणि ती निळी चिठ्ठी चुलीत गेली की रे." पावतीही नव्हती. कृषी खाते दर खरिपाला सांगते, की पिशवी खालच्या बाजूने उसवावी म्हणजे वरची चिठ्ठी शाबूत राहते, आणि पिशवी, चिठ्ठी, पावती व मूठभर बियाणे पीक हाती येईतो जपावे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'साथी' ही बियाण्याच्या मागोव्याची संगणकीय व्यवस्था सुरू केली व पिशवीवर क्यूआर कोड येऊ लागले, ते चांगलेच झाले. पण पिशवी कोठून उसवावी हे काकांना कोणी आधी, पेरणीपूर्वी, बांधावर येऊन सांगितले असते तर त्यांचा दावा उभा राहिला असता. पुढच्या ज्येष्ठात मी वाडीतल्या चार घरी जाऊन स्वतः हे सांगितले आणि पावत्या ठेवण्यासाठी प्रत्येकाला एक प्लास्टिकची पिशवी दिली.

सेवानिवृत्तीनंतर माझे लक्ष गुंतले आहे ते एका क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टीत. आमच्या भागात दहा गोळ्यांची पट्टी सबंध घेणारे गिऱ्हाईक थोडे. चार गोळ्या, दोन गोळ्या असा व्यवहार चालतो, आणि दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. बॅच आणि मुदत पट्टीच्या एका टोकाशी ठशाने उमटविलेली असते. ते टोक पहिल्याच कापात एका गिऱ्हाईकाकडे जाते, आणि उरलेल्या गोळ्या नाव-गाव-मुदत नसलेल्या होऊन इतरांकडे जातात. चौकोनी कोड खोक्यावर असेल तर खोके दुकानातच राहते. ज्याच्यापाशी पैसे कमी त्याच्या हाती गोळी येते ती सर्व खुणांपासून तुटलेली. उपाय कठीण नाही. प्रत्येक गोळीच्या कप्प्यामागे बॅच व मुदत उमटविता येते. फॉइलवर ती ओळ पुन्हा पुन्हा छापणारी यंत्रे आमच्याच कारखान्यात निर्यातीच्या काही मालासाठी चालत होती. तोवर दुकानदारांनी पट्टी उलट्या टोकाकडून कापावी, मुदतीचा तुकडा सर्वांत शेवटी विकावा, आणि सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर बॅचचा क्रमांक पेनाने लिहावा, असे मी कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या दुकानांतून सांगत असतो. काही जण आता तसे लिहून देतात. बाकीच्यांकडे पुन्हा जावयाचे आहे.